केंद्राचा कायदा, राज्याचे नियम: शालेय शिक्षणातल्या मोकळिकीचा आढावा

भारतात शालेय शिक्षणाचे नियम दोन ठिकाणी लिहिले जातात. कायदा संसदेत होतो आणि तो राबवण्याचे नियम राज्याच्या मंत्रालयात होतात. दुर्बल घटकातल्या मुलाला खासगी शाळेत पहिलीत मोफत जागा मिळावी, हे केंद्राच्या कायद्यात आहे. पण दुर्बल कोणाला म्हणायचे, घरापासून शाळा किती अंतरावर असावी, अर्ज कसा भरायचा, सोडत कशी काढायची आणि त्या मुलामागे शाळेला किती रुपये परत द्यायचे, हे राज्य ठरवते. त्यामुळे एकाच हक्काचा व्यवहारातला अर्थ नागपुरात एक आणि चेन्नईत दुसरा होतो. महाराष्ट्रात या प्रवेशासाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे, तर तमिळनाडूत ती दोन लाख आहे. हा फरक कायद्यालाच अपेक्षित आहे. वाद आहे तो या फरकाची हद्द कुठे संपते याबद्दल.

सूची बदलली

हा प्रश्न संविधानापेक्षा जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी सक्ती थेट लादली नव्हती. आपल्या हद्दीत सक्ती करायची की नाही, हे सरकारच्या संमतीने स्थानिक संस्थांनी ठरवावे, अशी त्यात सोय होती. १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१९ च्या कायद्याने शिक्षण प्रांतांतल्या भारतीय मंत्र्यांकडे आले आणि १९५० मध्ये संविधानाने ते राज्य सूचीतच ठेवले. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि त्यात समन्वय राखणे ही बाब मात्र संघ सूचीच्या ६६ व्या नोंदीत गेली.

ही एक नोंद किती लांब पोहोचू शकते, ते १९६२ मध्ये दिसले. गुजरात विद्यापीठाने गुजराती हेच एकमेव शिक्षणमाध्यम करायचे ठरवले होते. श्रीकृष्ण मुधोळकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते अमान्य केले. माध्यमाचा परिणाम दर्जावर होतो आणि दर्जा हा केंद्राचा विषय आहे, असा त्यामागचा विचार होता. शिक्षण राज्याकडे असतानाही राज्याचा हात अडला, तो असा.

पुढे मते दुभंगली. सप्रू समितीने १९६४ मध्ये उच्च शिक्षण समवर्ती सूचीत न्यावे, असे सुचवले. कोठारी आयोगाचा (१९६४–६६) कल मात्र शिक्षण राज्यांकडेच ठेवण्याकडे होता. आणीबाणीत स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीवरून ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि जानेवारी १९७७ पासून शिक्षण समवर्ती सूचीच्या २५ व्या नोंदीत आले. समवर्ती सूचीत दोघांनाही कायदे करता येतात. ते एकमेकांशी भिडले, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा टिकतो. राष्ट्रपतींची संमती मिळालेला राज्याचा कायदा हा त्याला अपवाद, पण ती संमती राज्याच्या हातात नसते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेतून सूट मागणारे तमिळनाडूचे विधेयक याच दारात अडले.

सूची बदलूनही तीसेक वर्षे शालेय पातळीवर केंद्राने मोठा कायदा केला नाही. १९८६ च्या धोरणाने केंद्र आणि राज्ये यांच्या भागीदारीची भाषा केली, २००१ पासून सर्व शिक्षा अभियान पैसा घेऊन आले. २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला. सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले आणि मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जम्मू-काश्मीरला तो २०१९ पर्यंत लागू नव्हता.

कायद्यातल्या मोकळ्या जागा

या कायद्यात ‘समुचित शासन’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. केंद्रीय विद्यालयासारख्या शाळांसाठी ते शासन केंद्राचे असते आणि बाकीच्या बहुतेक शाळांसाठी राज्याचे. कलम ३८ ने नियम करण्याचा अधिकार या शासनाला दिला आहे. अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवणारे विद्या प्राधिकरण नेमण्याचा अधिकारही कलम २९ ने त्यालाच दिला. महाराष्ट्रात पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद हे काम पाहते आणि पाठ्यपुस्तके बालभारती काढते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा दिल्लीत ठरतो, पण राज्य आपला आराखडा स्वतः करते, आणि मुलांच्या हातात येणारे पुस्तक या दुसऱ्या आराखड्यातून निघते.

काही गोष्टी कायद्याने घट्ट बांधल्या. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास ठरवले आहेत. पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. अनुसूचीत बदल करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. शिक्षकाची किमान पात्रताही केंद्राने नेमलेली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद ठरवते. राज्याला त्यातून सूट हवी असेल, तर तीही केंद्राकडेच मागावी लागते.

अनुसूचीतल्या आकड्यांना व्यवहारात उतरवणारा कागद मात्र राज्याचा असतो. शाळेच्या पटावरून किती शिक्षक मंजूर होतील, हे संचमान्यतेत ठरते आणि संचमान्यतेचे निकष शासन निर्णयाने बदलतात. शिक्षक संघटनांची आंदोलने बहुतेक वेळा या निकषांवरून होतात, ती उगाच नव्हे. वाडीवस्तीवरच्या पंधरा मुलांच्या शाळेचे भवितव्य दिल्लीच्या अनुसूचीपेक्षा मुंबईच्या शासन निर्णयावर जास्त अवलंबून असते.

मोकळिकीचा सर्वांत कल्पक वापर गुजरातने २०१२ च्या नियमांत केला. आधीपासून चालू असलेल्या खासगी शाळांना मान्यता देताना खोल्या आणि मैदान मोजण्यापेक्षा मुले काय शिकली, हे मोजायचे त्या राज्याने ठरवले. विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष यशाला ३० टक्के, त्यांच्या प्रगतीला ४० टक्के, भौतिक सुविधांना फक्त १५ टक्के आणि उरलेले १५ टक्के इतर उपक्रम व पालकांच्या मताला असे गुणांकन झाले. या नियमांचे समर्थक म्हणतात की कायद्याचा हेतू शिक्षण हा आहे, भिंती हा नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की अनुसूचीतल्या अटी किमान आहेत आणि गुणांच्या वजाबाकीत त्या विरघळू देता येणार नाहीत. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. दुसरा कायद्याच्या शब्दांना धरून आहे, पहिला त्याच्या उद्देशाला.

नापास करायचे की नाही

मूळ कायद्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवायला बंदी केली. त्याऐवजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायचे होते. बंदी पाळणे सोपे होते आणि मूल्यमापन अवघड. अनेक ठिकाणी पहिले झाले आणि दुसरे कागदावर राहिले. आठवीतल्या मुलाला साधे वाचन जमत नाही, ही तक्रार राज्या-राज्यांतून येऊ लागली. उलट बाजूचे म्हणणे होते की नापास झालेले गरीब घरातले मूल पुन्हा त्याच वर्गात बसत नाही, ते शाळाच सोडते.

संसदेने २०१९ मध्ये या वादाचा निकाल स्वतः लावला नाही, तो राज्यांवर सोपवला. पाचवी आणि आठवीत नियमित परीक्षा, नापास झाल्यास दोन महिन्यांत पुनर्परीक्षा आणि त्यानंतरही अपयश आले, तर मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे समुचित शासनाने ठरवायचे. केंद्राने आपल्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये मागे ठेवण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून तोच मार्ग धरला होता. तमिळनाडूने जुनेच धोरण चालू ठेवले. कायद्यानेच दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्यामुळे येथे कोणीही नियमभंग करत नाही. आढाव्यात आलेल्या विषयांत इतकी स्वच्छ वाटणी दुसरीकडे क्वचितच सापडते.

शालेय पोषण आहार हे तिचे जवळचे उदाहरण. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, हे केंद्राचे माप. ताटात खिचडी असावी, उसळ असावी की अंडे, हे राज्य ठरवते. अंड्यावरून महाराष्ट्रात आणि शेजारी कर्नाटकात वाद झाले, पण ते राज्यांच्या अंगणातच झाले.

एक किलोमीटरचा प्रश्न

नियम करण्याच्या अधिकाराने कायदाच अरुंद करता येतो का, या प्रश्नाची कसोटी महाराष्ट्रात लागली. कायद्याच्या कलम १२(१)(ग) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीतल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. राज्याने त्यांचे शुल्क परत करायचे असते. महाराष्ट्रात हा दर बरीच वर्षे विद्यार्थ्यामागे १७,६७० रुपये राहिला आहे, आणि थकलेल्या प्रतिपूर्तीबद्दल संस्थाचालकांची तक्रारही तितकीच जुनी आहे. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने २०११ चे नियम बदलले. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या २५ टक्क्यांतून वगळले. शहरांत अशी शाळा जवळ नसलेली खासगी शाळा शोधून सापडणे कठीण होते.

राज्याचा युक्तिवाद असा होता की पालिका आणि जिल्हा परिषदांच्या शाळांत जागा रिकाम्या असताना सरकारी पैसा खासगी शाळांकडे का जावा. हा विचार महाराष्ट्राने शोधलेला नव्हता. कर्नाटकाने २०१८ च्या अखेरीस असाच बदल केला होता आणि २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मुलाला परिसरातली शाळा मिळवून देणे हे आधी सरकारचे कर्तव्य आहे आणि खासगी शाळांवरचा भार त्याला पूरक आहे, असा त्या निकालाचा सूर होता.

मुंबई उच्च न्यायालयाने उलट उत्तर दिले. मे २०२४ मध्ये अधिसूचनेला स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द झाली. कलम १२ मधल्या बंधनाला कायद्याने अंतराची कोणतीही अट घातलेली नाही, तेव्हा नियम ती घालू शकत नाही, हे न्यायालयाच्या कारणमीमांसेचे सार. खासगी शाळांच्या संघटनेचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळले. राज्याला कायद्यातली रिकामी जागा भरता येते, लिहिलेली ओळ खोडता येत नाही, एवढी रेषा या निकालाने महाराष्ट्रापुरती तरी आखली. त्या वर्षीचे पहिलीचे प्रवेश मात्र शाळा सुरू होऊन गेल्यावर झाले.

दुसरी मर्यादा राज्यांच्या नव्हे, शाळांच्या ओळखीतून आली. २०१४ मध्ये प्रमती न्यासाच्या खटल्यात घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा कायदाच लागू होत नाही, असे ठरवले. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. त्याच निकालाने सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. ज्यांना पूर्वी राज्याच्या सेवाशर्तींवर नेमले गेले, त्यांच्याही बाबतीत पात्रतेचा केंद्रीय नियम वरचढ ठरला.

पैशाची वाट

कायद्याचा अर्थ लावायला न्यायालय असते. योजनेच्या अटींचा अर्थ मात्र योजना आखणारा लावतो. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षण यांच्या योजना एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ झाली. तिचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० या प्रमाणात उचलते. ईशान्य आणि हिमालयीन राज्यांत ९० आणि १०. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘पीएम श्री’ ही वेगळी योजना मंजूर झाली: १४,५०० आदर्श शाळा, एकूण खर्च २७,३६० कोटी रुपये. तिच्यात येण्यासाठी राज्याने सामंजस्य करार करायचा आणि त्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पूर्णपणे राबवण्याची हमी द्यायची.

हे धोरण कायदा नाही. करारावर सही केली, की ते राज्यापुरते बंधनासारखे होते. तमिळनाडू, केरळ आणि पश्चिम बंगाल यांनी सही केली नाही. त्यांचा समग्र शिक्षेचा निधी अडला. धोरण आणि निधी हे एकाच कार्यक्रमाचे भाग आहेत, केंद्राचा पैसा केंद्राच्या उद्दिष्टांसाठीच जाणार, असे केंद्राचे म्हणणे. तमिळनाडूचे म्हणणे असे की समग्र शिक्षा ही शिक्षण हक्क कायदा राबवण्याची योजना आहे, तेव्हा कायद्याने येणे असलेला पैसा दुसऱ्या योजनेच्या अटीला बांधता येत नाही. त्या राज्याने मे २०२५ मध्ये व्याजासह सुमारे २,२९१ कोटी रुपयांसाठी सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. त्याच महिन्यात, राज्यांना धोरण स्वीकारायला भाग पाडावे, अशी मागणी करणारी एक याचिका न्यायालयाने फेटाळली. केरळने ऑक्टोबर २०२५ मध्ये सही केली आणि सत्ताधारी आघाडीतल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाने विरोध केल्यावर काही दिवसांतच अंमलबजावणी थांबवली.

या विषयातला खरा बदल इथे आहे. पूर्वीचे वाद कलम आणि नियम यांच्यातले असत, आताचे वाद करार आणि हप्ते यांच्यातले आहेत. पहिल्या प्रकारात हद्द शोधता येते. दुसऱ्यात ज्याच्याकडे तिजोरी आहे, त्याचे पारडे जड राहते, मग सूची काहीही म्हणो.

तिसरी भाषा

राज्याची मोकळीक म्हणजे नेहमी केंद्रापासून दूर जाणे, असा समज असतो. महाराष्ट्राने २०२५ मध्ये त्याचे उलटे उदाहरण दिले. राष्ट्रीय धोरण तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात, एवढेच म्हणते आणि कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही, असेही नमूद करते. २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तिसरी भाषा सहावीपासून आणतो. महाराष्ट्राच्या १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हिंदी पहिलीपासून अनिवार्य केली. विरोध झाल्यावर १७ जूनच्या निर्णयात ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आला; दुसरी भारतीय भाषा घेण्यासाठी एका वर्गात किमान २० मुलांची अट राहिली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. धोरणाचे नाव पुढे करून धोरणात नसलेली गोष्ट राज्य करू पाहत होते.

भाषेच्या बाबतीत राज्यांचा अधिकार मोठाही ठरला आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने केंद्रीय मंडळाच्या शाळांसह राज्यातल्या सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे केले. तमिळनाडू १९६८ पासून दोनच भाषा शिकवते. कर्नाटकाने नेमलेल्या सुखदेव थोरात आयोगानेही ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भाषांची शिफारस केली. माध्यमाची सक्ती मात्र २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात अडली: मातृभाषेतूनच प्राथमिक शिक्षण घ्या, असे राज्य खासगी शाळांतल्या मुलांना सांगू शकत नाही, असे घटनापीठाने म्हटले.

भूमिका आणि उरलेले प्रश्न

एकसारख्या किमान नियमांचा आग्रह धरणाऱ्यांचा आधार हक्काच्या कल्पनेत आहे. मूल कोणत्या राज्यात जन्मले, यावर मूलभूत हक्काचा आकार ठरू नये. स्थलांतरित ऊसतोड कामगाराचे मूल बीडमध्ये असो की बेळगावात, त्याला तीच शाळा मिळावी. राज्यांच्या बाजूने बोलणारे दाखवून देतात की शिक्षणावरचा बहुतांश सरकारी खर्च राज्येच करतात, शिक्षकांचे पगार तीच देतात आणि भाषा, अंतर, हंगाम यांची जाण त्यांनाच असते. तिसऱ्या मतानुसार केंद्राने तळ बांधावा, छत बांधू नये. किमान अट एक आणि तिच्या वर राज्याची मर्जी. कागदावर हे मत सर्वांना पटते, पण तळ कुठे संपतो, यावर भांडण परत येते.

चौथा आवाज क्वचित ऐकू येतो. महाराष्ट्रात १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आहेत आणि कायद्याच्या कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर स्वतंत्र कर्तव्ये टाकली आहेत. तरी शिक्षकभरती ‘पवित्र’ पोर्टलवरून राज्य पातळीवर चालते आणि वेळापत्रकापर्यंतचे आदेश वरून येतात. दिल्लीकडे मोकळीक मागणारे राज्य ती जिल्ह्याला देताना हात आखडते, हे गोखल्यांच्या विधेयकातली स्थानिक निवड आठवणाऱ्याच्या लक्षात येईल.

उच्च शिक्षणात तोल याहून केंद्राकडे झुकलेला आहे. कुलगुरूंच्या नेमणुकीत विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरतात, हे २०२२ च्या गुजरातमधल्या एका खटल्यात स्पष्ट झाले.

शालेय पातळीवर तीन गाठी सुटायच्या आहेत: अल्पसंख्याक शाळांचे काय, धोरणाची अट निधीला जोडता येते का आणि सहाच्या आतल्या व चौदाच्या पुढच्या मुलांना हक्क द्यायचा झाल्यास त्याचे नियम कोणी करायचे. तिन्हींच्या मुळाशी असलेले कलम ७ खर्चाची जबाबदारी केंद्र आणि राज्ये यांच्यावर संयुक्तपणे टाकते आणि केंद्राचा वाटा किती टक्के, हे केंद्राने राज्यांशी विचारविनिमय करून वेळोवेळी ठरवावे, असे सांगते. टक्केवारीचा आकडा कायद्यात लिहिलेला नाही.